गावकीने विचारलं तेव्हा

बाई, माझी कादंबरी एका प्रकरणापाशी अडून बसली आहे आणि ते प्रकरण वाचून दाखवावं असं माणूस आता उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा माझं वय आज जास्त आहे, आणि तरी लिहायला बसल्यावर पाठ आपोआप ताठ झाली. बायको गेली, मुलगी तिच्या संसारात पुण्याला, आणि मी मुंबईची खोली सोडून गावचं घर उघडून राहिलो आहे. सकाळी चुलीपुढे बसण्याची हौस पहिल्याच महिन्यात फिटली, आता गॅसवर डाळभात करतो. दिवसभरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच. तुमच्याच वर्गातला, शेवटच्या बाकावर बसून चिंचोके खेळायचा तो. संध्याकाळी ओटीवर येऊन बसतो, चहा घेतो, लावणीबद्दल नाहीतर गुडघ्याबद्दल बोलतो आणि दिवेलागणीला उठून जातो. तो गेला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. अडलेलं प्रकरण त्याच्याबद्दल आहे. खरं लिहिलं तर तो यायचा बंद होईल, आणि खोटं लिहिलं तर तुम्ही जिथे असाल तिथून माझा कान धराल.

तुम्ही माझा कान एकदाच धरला होतात, तोही स्वयंपाकघरात. मी आठवीत होतो आणि मला गोष्टी लिहायचं वेड लागलं होतं. शाळा सुटल्यावर मी तुमच्या खोलीवर यायचो, तुम्ही स्टोव्हला पिन मारत असायचात, आणि मी भिंतीला टेकून गोष्ट वाचायचो. त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत दिघीच्या लाँचची गोष्ट आणली होती. लाँच आगरदांड्याला निघते, मध्येच इंजिन बंद पडतं, लाँच वाहत वाहत खोल समुद्रात जाते, आणि दुपार व्हायच्या आत उतारू एकमेकांना पाण्यात ढकलायला लागतात. शेवटी एकटा टकला व्यापारी उरतो आणि तोही वेडा होतो. मला वाटलं होतं तुम्ही हातातलं सुकट टाकून टाळ्या वाजवाल. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत, ओल्या हाताने माझा कान धरलात आणि म्हणालात, "तुझी माणसं वाईट व्हायची वाटच बघत होती रे. इंजिन बंद पडायचा अवकाश, की निघाले सुरे." मी रडवेला झालो. मग तुम्ही भाकरीकडेच बघत म्हणालात की माणूस घाबरला की लगेच सुरा काढत नाही. आधी तो चार माणसांना जवळ बोलावतो, आणि ती चौघं मिळून एक चांगलं कारण शोधतात. ते लिहिता येतं का बघ. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. भाकरी मात्र मी दोन खाल्ल्या, आणि घरी आईला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही ते तुम्हाला माहीत होतं. तुमची खोली बौद्धवाडीत होती. तुम्ही साताऱ्याकडून बदली होऊन आलात तेव्हा शाळेजवळ आमच्या आळीत तीन घरांत खोल्या रिकाम्या होत्या. तुम्ही बौद्ध आहात हे कळल्यावर गावकी बसली आणि त्या खोल्यांपैकी एकीत भाताचं बियाणं ठेवायचं ठरलं, दुसरीचा वासा मोडका निघाला आणि तिसऱ्या घरातली सासू अचानक आजारी पडली. हे मला तुम्हीच सांगितलं होतं, हसत, आणि सगळे किती गोड बोलले हेही सांगितलं होतं. एकाने तर तुमची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन बौद्धवाडीपर्यंत पोचवली होती. मी तेव्हा त्याला गावाचा चांगुलपणा समजलो. गाव करी ते राव न करी, असं आमच्याकडे अभिमानाने म्हणतात, आणि मीही म्हणायचो. पुढे मी मुंबईला नोकरीला निघालो तेव्हा तुम्ही श्रीवर्धनहून चामड्याच्या चपला आणून दिल्यात. त्या मी झिजवून टाकल्या. चांगल्या कारणाबद्दलचं तुमचं ते वाक्य मात्र कोरंच राहिलं, कारण ते कुठे वापरायचं हे मला कळायला म्हातारपण यावं लागलं.

कोरोनाच्या साली मी मुंबईच्या खोलीत एकटा होतो. समोरच्या बिऱ्हाडातला माणूस दवाखान्यात नेला तो परत आला नाही, आणि मग मी घाबरलो. मे महिन्याच्या शेवटी भाजीचा रिकामा टेम्पो माणगावपर्यंत मिळाला, तिथून पुढे कधी कुणाच्या मोटारसायकलवर तर कधी चालत मी गावाच्या वेशीवर आलो. वेशीवर आडवं फणसाचं खोड टाकलं होतं. कोकणातल्या पुष्कळ गावांनी त्या दिवसांत असंच केलं होतं, मुंबईकरांना बंदी. खोडापलीकडे तोंडाला पंचा बांधून माझा मित्र उभा, तोच शेवटच्या बाकावरचा, हातात काठी. मला बघून त्याने काठी मागे लपवली. त्याने गावाचा ठराव समजावून सांगितला, की बाहेरून आलेल्याने आधी चौदा दिवस शाळेत वेगळं राहायचं, मी मान डोलावली आणि शाळेत राहायला गेलो. शाळेच्या नव्या भागात दोनच खोल्या स्लॅबच्या, बाकीची शाळा तुमच्या वेळची, कौलारू. एका स्लॅबच्या खोलीत मला ठेवलं. मित्राची बायको रोज दोन वेळा डबा पायरीवर ठेवून जायची आणि लांब जाऊन "आला काय रं डबा?" असं विचारायची. मी रिकाम्या वर्गात बसून माझी कादंबरी लिहायचो. मला त्या दिवसांची तक्रार नाही. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तरी एखादं खोड मीही ओढलं असतं.

कादंबरी काय होती ते सांगतो. वादळात जगापासून तुटलेलं एक खाडीकाठचं गाव, पोलीस नाही, वीज नाही, रस्ता नाही, आणि भीतीने माणसं हळूहळू जनावरं होत जातात. मुंबईचा एक प्रकाशक त्यावर खूश होता. त्याचं म्हणणं एवढंच की 'हळूहळू' जरा कमी करा. कायदा उठला की माणसातलं जनावर बाहेर येतं, वाचकाला ते जनावर बघायचं असतं, असं तो फोनवर सांगायचा. आणि मीही पोटापाण्याची नोकरी करत आयुष्यभर अशाच कादंबऱ्या वाचल्या होत्या. त्यांत अंधार पडला की मशाली निघतात, कुणीतरी दगड उचलतो, आणि कालपर्यंत नमस्कार करणारा माणूस दात विचकतो. मी वर्गात बसून अगदी तसं लिहीत होतो. माझा कान धरणारा तुमचा हात मी साफ विसरलो होतो.

मग खरंच वादळ आलं. जूनचा पहिला आठवडा. सकाळी तलाठ्याचा निरोप आला की कच्च्या घरातल्या माणसांनी पक्क्या इमारतीत जावं, आणि गावात पक्की म्हणावी अशी शाळाच. दहाच्या सुमाराला माणसं यायला लागली, कडेवर पोरं, बगलेत गोधड्या, एकाने शेळीसुद्धा आणली. शेजारची स्लॅबची खोली बघता बघता भरली. वारा वाढला तशी कौलारू भागातली कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली, आणि तिथे बसलेली माणसं व्हरांड्यात येऊन उभी राहिली. माझ्या खोलीचं दार उघडं होतं. आत मी एकटा, एका सतरंजीवर, आणि पस्तीस-चाळीस माणसं मावतील एवढी जागा. कुणी उंबरा ओलांडला नाही. बाहेर वादळ आणि आत आजार, अशी त्यांची अवस्था झाली होती, आणि दोन्हींच्या मध्ये त्यांची पोरं भिजत होती.

आणि बाई, मग गावकी बसली. बसली म्हणजे उभीच राहिली, व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून, तोंडाला पंचे बांधून. तुम्हाला आमची रीत ठाऊक आहे. पालखीचा मान असो की पाणवठ्याचं भांडण, घरटी एक माणूस, आणि प्रत्येक घराला विचारल्याशिवाय ठराव होत नाही. एक घर जरी अडलं तरी पुन्हा बोलायचं, सगळे 'व्हय' म्हणेपर्यंत. त्या वाऱ्यातही त्यांनी ती रीत मोडली नाही. माझा मित्र तेव्हा गावकीचा पुढारी. त्याने एकेका घराला हाक मारून विचारलं, की पोरांना आत घ्यायचं तर आतल्या माणसाला कुठे ठेवायचं. कुणी आवाज चढवला नाही, कुणी मला रोगी म्हणालं नाही. मैदानाच्या पलीकडे पोषण आहाराची खिचडी शिजवायची शेड होती, जांभ्याच्या भिंती आणि वर पत्रे. ती भिंतींनी मजबूत आहे, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, वारा उलट्या दिशेचा आहे, तिथे आडोसाच मिळेल. तिसऱ्याने सांगितलं की एकट्या माणसाला तिथे ऐसपैस होईल. बघता बघता ती शेड माझ्यासाठीच बांधली होती असं वाटायला लागलं. फक्त मित्राची आई, जिला दोघांनी खुर्चीत बसवून आणलं होतं आणि जिच्या हातची पेज खाऊन मी वाढलो, ती म्हणाली, "त्याला कशाला भायर काढता? माज्यापाशी बसूं दे, मला मेलीला काय होनार हाय आता." पण गावकीत बायकांना विचारत नाहीत. तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं आणि ते ठरावात आलं नाही.

सगळी घरं 'व्हय' म्हणाली आणि एक घर उरलं. माझं. बाबा गेल्यापासून आमच्या घराचं माणूस म्हणजे मी, मुंबईत असलो तरी पालखीची वर्गणी चुकवली नव्हती. मित्र दाराशी आला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला, डोळे पंच्याच्या वर लाल झालेले, आणि त्याने मला रीतसर विचारलं, "गावानं असं ठरवलंय. तुज्या घराचं काय म्हननं हाय?"

तुम्ही म्हणाला होतात ते चांगलं कारण व्हरांड्यात भिजत उभं होतं, तान्ही पोरं आणि एक गरोदर बाई. त्याला नाही म्हणायची माझ्यात काय, कुणातच ताकद नव्हती. मी 'व्हय' म्हणालो. ठराव झाला. व्हरांड्यातल्या माणसांनी माझ्यासाठी अंग चोरून वाट केली. म्हातारीने तिची गोधडी माझ्या अंगावर फेकली. मी मैदान ओलांडलं, म्हणजे वाऱ्याने मला ओलांडायला लावलं. शेडचे पत्रे तासाभरात गेले. पहिला गेला तेव्हा तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, मग एकामागून एक. मी शेगडीच्या सिमेंटच्या ओट्याखाली शिरलो आणि खिचडीचा मोठा टोप डोक्यावर पालथा घातला. हे कुणी बघितलं असतं तर हसून मेलं असतं. पलीकडच्या वाडीतल्या पोफळी काडकाड मोडत होत्या, एक पत्रा परत येऊन ओट्यावर आपटला आणि टोप घंटेसारखा वाजला. मी रडत होतो, मोठ्याने, कारण ऐकायला कुणी नव्हतं. शाळेच्या त्या खोलीत पोरं सुखरूप होती आणि मला त्याचा आनंद झाला नाही, हेही तुम्हाला सांगून टाकतो.

दुपारी वारा पडला तेव्हा पहिला धावत आला तो मित्रच. चिखलात दोनदा पडला. मला ओट्याखालून ओढून काढलं आणि पंचा सोडून, आजारबिजार विसरून, मिठी मारून तो लहान पोरासारखा रडला. पुढे त्याने स्वतःच्या घराआधी माझ्या घराची कौलं चढवली. महिनाभर वीज नव्हती, रोज कुणा ना कुणाच्या घरून मला जेवण आलं. गरोदर बाईला मुलगी झाली, तिच्या बारशाला मला पाटावर बसवलं. त्या दिवसाबद्दल मात्र कुणी एक शब्द काढला नाही आणि मीही नाही. मी मग मुंबईला परत गेलोच नाही. सगळ्यांना वाटतं मी गावाच्या प्रेमाने राहिलो, आणि ते खोटं नाही.

कादंबरी मात्र तिथे मोडली. मी आधी लिहिलेलं वाचायला बसलो तर मला माझ्या माणसांची लाज वाटली. काय ते दात विचकतात, काय ते दगड उचलतात. खऱ्या दिवशी कुणी दगड उचलला नव्हता. कायदा उठला नव्हता, उलट आमचा जो काही गावचा कायदा तो शेवटच्या घरापर्यंत पाळला गेला, आणि त्या कायद्यानेच एका माणसाला पत्र्याखाली नेऊन ठेवलं. मी ते प्रकरण नव्याने लिहिलं आणि प्रकाशकाला पाठवलं. तो म्हणाला, छान आहे, पण यात काही घडतच नाही. माणूस स्वतःच उठून जातो, मग वाचकाने रागवायचं कुणावर? मी परत लिहिलं, जरा ढकलाढकली घातली, मित्राच्या हातात ती काठी दिली. वाचलं आणि मला भाकरीचा वास आला, खरंच आला. फाडून टाकलं. तेव्हापासून त्या प्रकरणाला हात लावला की दुसरंच काहीतरी काम आठवतं, विहिरीचा पंप नाहीतर लाईटचं बिल.

परवा संध्याकाळी मित्र नेहमीसारखा आला. त्याची आई मागच्या वर्षी गेली, तेव्हापासून तो जास्त वेळ बसतो. चहा झाला, गुडघा झाला. मग त्याने अंगणाकडे बघत विचारलं की त्याची नात सांगत होती, मी पुस्तक लिहितो आहे, वादळाचं. मी हो म्हणालो. तो रिकामी बशी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "त्या दिसाचं लिवलंस काय?" मी सांगितलं की अजून जमत नाही. त्याने बशी खाली ठेवली. "लिव," तो म्हणाला. "मी काय वाचनार न्हाय, पन लिव. फक्त येक लिव, की तुला इचारलं व्हतं. तू सोता व्हय म्हनालास." त्याचा आवाज विनवणीचा होता. आणि मला एकदम कळलं की हा माणूस इतकी वर्षं माझ्या त्या एका शब्दावर झोपत आला आहे. रोज संध्याकाळी माझ्या ओटीवर येतो तो चहासाठी नाही, तो शब्द अजून तिथे आहे ना हे बघायला येतो. मी म्हणालो, लिहीन. त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला त्याच्याकडे बघवेना.

हे तुम्हाला पोचणार नाही हे मला कळतं. पोचणार नाही म्हणूनच एवढं लिहिता आलं. लिहून झालं की हे कागद मी चुलीत घालणार आहे, एक दिवस तरी ती पेटेल. कादंबरीत मी त्याला हवं तसं लिहीन. माणूस विचारतो, माणूस होकार देतो, वाचक म्हणतील केवढं मोठं मन, आणि मित्र चहाला येत राहील. पण त्या उंबऱ्यापाशी काय झालं ते एका तरी माणसाला माहीत असावं. त्याने विचारलं तेव्हा मला पोरं दिसत नव्हती, गरोदर बाई दिसत नव्हती. मला त्याच्या मागे उभी असलेली सगळी ओळखीची माणसं दिसत होती, पंच्याच्या वर नुसते डोळे, आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी 'न्हाय' म्हणालो असतो तर रीतीप्रमाणे पुन्हा बोलणं झालं असतं. किंवा झालं नसतं. बाई, मी शेडमध्ये गेलो तो मोठ्या मनाने गेलो नाही. मी नाही म्हटल्यावर ती माणसं काय करतील, हे मला बघायचं नव्हतं. वादळ त्यापेक्षा बरं वाटलं.